रेफ्युजी मुलांना जंगलात न्यायचंय? आधी त्यांच्या घरी चहा प्यायला जा

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमधल्या रेफ्युजी आणि फ्लॅटमध्येच वाढणाऱ्या मुलांना मी २०१३ पासून महिन्यातला एक शनिवार डोंगरात नाहीतर समुद्रावर नेते, आणि इथल्या बे एरियातले, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचे, आपले मराठी लोक दर वेळी विचारतात की आम्हालाही करायचंय, सुरुवात कुठून करू, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

एकट्याने गाडीत मुलं बसवून निघू नका. सिएरा क्लब या निसर्गसंस्थेचा इन्स्पायरिंग कनेक्शन्स आउटडोअर्स हा कार्यक्रम १९७१ पासून आहे, इथेच सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाला आणि व्हॉलंटियरच चालवतात, तिथे किंवा अशाच एखाद्या ग्रुपला जोडून घ्या. बॅकग्राउंड चेक, फर्स्ट एडचं ट्रेनिंग, इन्शुरन्स हे सगळं आधी होऊ दे, कंटाळा करू नका. कुठलंही मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर राहणार नाही, दोन मोठे हवेतच, हा नियम कधीही मोडायचा नाही.

मग घरी जायचं. फॉर्म पाठवून सही मागितली की सही मिळते पण विश्वास मिळत नाही. माझी पहिली मुलं भूतानमधून हाकललेल्या नेपाळी भाषिक कुटुंबांतली होती, नेपाळमधल्या झापाकडच्या कॅम्पमध्ये जन्मलेली, २००८ पासून अशी ९० हजारांहून जास्त माणसं अमेरिकेत आली. तिथे आपल्याला एक मोठा फायदा आहे, नेपाळी देवनागरीतच लिहितात, त्यामुळे फॉर्म मी वाचून दाखवू शकले, अर्धं चुकलं तरी आया हसून दुरुस्त करायच्या. एका आईने चिया, म्हणजे चहा, हातात देऊन पहिला प्रश्न विचारला, "हात्ती छ?" झापाकडे रानटी हत्ती वस्तीत शिरतात, तिच्या डोक्यात जंगल म्हणजे ते. मी नाही म्हटलं, मग किती वाजता परत आणणार, खायला काय, बरोबर बाई आहे का, सगळं विचारून झाल्यावरच तिने मुलीला सोडलं. जमलं तर आईलाच बरोबर न्या.

जागा जवळची निवडा. म्यूर वुड्स हे उंच रेडवूड झाडांचं जंगल सगळ्यांच्या तोंडी असतं पण २०१८ पासून तिथे पार्किंगचं रिझर्व्हेशन लागतं आणि फोनला रेंज नसते. पहिल्यांदा ओकलंडच्याच टेकड्यांमधलं रेडवूड रीजनल पार्क उत्तम. आपण सह्याद्रीत फिरलेली माणसं, आपल्याला माथा गाठल्याशिवाय चैन पडत नाही, ती सवय घरी ठेवून या. पहिल्या ट्रिपला मी पाच मैलांचा ट्रेल ठरवला होता, दोन मैलांवर एका मुलाच्या बुटाचा तळ सुटला आणि मी त्याला माझ्या ओढणीने पाय बांधून परत आणलं. आता एक-दीड मैल, बास. जुने बूट आणि जॅकेटं वेगवेगळ्या मापांची मी गाडीत ठेवतेच, कारण मुलं उन्हाळा म्हणून टीशर्टवर येतात आणि वर धुकं असतं.

त्या पार्कातली जुनी झाडं १८५०च्या सुमारास तोडली, आणि बुंध्यांच्या मुळांतून गोल रिंगण करून नवी झाडं उगवलीत. मुलांना त्या रिंगणात बसवा आणि गप्प राहा, माहिती सांगायची घाई नको. एक मुलगी तिथे खोडाला गाल लावून बराच वेळ उभी होती, मी जवळ गेल्यावर एवढंच म्हणाली, "ठूलो रूख", मोठं झाड. मला तुकोबांचे वृक्ष आणि आजीचा रुख एकदम आठवले.

पॉयझन ओक हे अंगाला खाज आणणारं झुडूप मात्र सुरुवातीलाच दाखवा. तीन पानं, बेलासारखी, ही खूण आपल्याला आणि नेपाळी मुलांना पटकन कळते. थंडीत पानं झडतात पण काड्यांनीही अंगाला खाज येते, म्हणून वाटेबाहेर जायचं नाही.

खाण्याचं नीट विचारून घ्या. मार्शमॅलोत बहुतेक डुकराचं जिलेटिन असतं, अफगाण मुलांना चालत नाही, बऱ्याच नेपाळी घरांत बीफ नको. मी पोह्यांचा चिवडा नेते, शेंगदाणे न घालता, कारण कुणाला अॅलर्जी असू शकते. त्यांच्याकडे पोह्यांना चिउरा म्हणतात, डबा उघडला की ओरडाच होतो.

समुद्रावर जायचं तर मॉस बीचचं फिट्झगेराल्ड मरीन रिझर्व्ह हा राखीव किनारा, पण ओहोटीचं टेबल बघून. इथे उन्हाळ्यातली मोठी ओहोटी पहाटे असते आणि हिवाळ्यात दुपारी, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं. समुद्राकडे पाठ करायची नाही आणि शिंपलासुद्धा खिशात घालायचा नाही, हे बसमध्येच सांगा.

दोन गोष्टी पोटतिडकीने सांगते. मुलाला त्याची कहाणी विचारू नका, कॅम्प कसा होता, कोण गेलं, काही नाही, सांगायचं असेल तर चालताना ते आपणहून सांगतं. आणि चेहऱ्यांचे फोटो ऑनलाइन टाकू नका, काही कुटुंबांचे नातेवाईक अजून मागे धोक्यात असतात.

शेवटी, नवी मुलं गोळा करत बसण्यापेक्षा तीच बारा मुलं, तीच वाट, वर्षभर. एक मुलगा पहिल्या ट्रिपला व्हॅनमधून उतरलाच नाही, मी त्याच्याजवळ दारात बसून राहिले. दुसऱ्या वेळी पार्किंगपर्यंत आला. पाचव्या वेळी तो सगळ्यात मागे चालणाऱ्या मोठ्या माणसाबरोबर होता आणि घसरणाऱ्या एका छोट्या अफगाण पोराला हात देऊन म्हणत होता, "बिस्तारै, बिस्तारै", हळूहळू. म्हणून परत येताना गाडीतच पुढची तारीख सांगा, आणि पाऊस आला तरी त्या दिवशी त्यांच्या दारात हजर राहा.