नरकासुराचे डोळे पेटत नाहीत? मॅक्स७२१९ला नीट विचारा

दिवाळीच्या नरकासुराच्या पुतळ्याला एलईडी मॅट्रिक्सचे, म्हणजे दिव्यांच्या चौकोनी पाट्यांचे, डोळे केलेत. टेबलावर ते मस्त मिचकावतात. सांगाड्यात बसवले की एक आंधळा होतो, नाहीतर दोन्ही भगभगून तसेच पेटून राहतात. कोड चाळत बसण्याआधी एवढे ध्यानात घ्या की हे दिवे चालवणारी मॅक्स७२१९ चिप फक्त ऐकते, उलट उत्तर देत नाही. डेटा पोचला नाही तरी तो पाठवणाऱ्या ईएसपी३२ बोर्डाला पत्ता नसतो आणि सिरियल मॉनिटरवर (संगणकावर बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या खिडकीत) सगळे आलबेल दिसते. म्हणून उत्तर दिव्यांकडूनच काढायचे.

एकमेकांना जोडलेल्या मॉड्यूलांची साखळी सोडवा आणि ८ बाय ८चे एकच मॉड्यूल ठेवा. चिपच्या १५ नंबरच्या रजिस्टरमध्ये (सेटिंग ठेवायच्या कप्प्यात) १ लिहा, दोन सेकंद थांबा, मग ० लिहा. ही डिस्प्ले टेस्ट. चिप झोपलेली असली तरी हा हुकूम पाळते आणि ६४च्या ६४ दिवे लावते.

दिवे लागून विझले, तर तारा ठीक आहेत, चूक सुरुवातीच्या सेटिंगमध्ये आहे. करंट दिल्यावर चिप शटडाऊनमध्येच, म्हणजे झोपलेलीच, असते. रजिस्टर १२मध्ये १, ११मध्ये ७, ९मध्ये ०, १५मध्ये ० आणि १०मध्ये ० ते १५पैकी हवा तो उजेड लिहा. ११ विसरलात तर एकच ओळ पेटते.

काहीच लागले नाही, तर मल्टिमीटर थेट चिपच्या पायांवर लावा: १९वर ५ व्होल्ट (४ ते ५.५ चालतात), ४ आणि ९ दोन्ही ग्राउंडला. मॅट्रिक्सला वेगळा अडॅप्टर असेल तर त्याचे ग्राउंड ईएसपी३२च्या ग्राउंडला जोडलेले हवे. सर्वात जास्त वेळ हीच तार खाते. वायर मॉड्यूलच्या डीआयएन (डेटा आत येण्याच्या) बाजूला आहे ना, की डीआउटला (बाहेर जाण्याच्या)? ईएसपी३२च्या पिन ३४ ते ३९ वापरल्या असतील तर बदला, त्या फक्त इनपुट आहेत.

आता खरी मेख. ५ व्होल्टवर चालणारी ही चिप ३.५ व्होल्टच्या वरच्या सिग्नललाच खात्रीने १ मानते, आणि ईएसपी३२ देते ३.३. बहुतेक चिपा तेवढ्यावरही चालतात, म्हणूनच टेबलावर फसायला होते. मधे ७४एचसीटी१२५ ही बफर चिप (३.३चा सिग्नल ५ व्होल्टवर चढवणारी) घाला, तिला ५ व्होल्ट द्या आणि डेटा, क्लॉक, लोड तिन्ही तिच्यातून न्या. वापरातल्या प्रत्येक गेटची इनेबल पिन ग्राउंडला. दुकानात ७४एचसी१२५ हातात ठेवली तर परत करा. त्या 'टी'साठीच पैसे मोजायचे आहेत: एचसीटीला २ व्होल्ट पुरतात, साध्या एचसीला पुन्हा साडेतीनच लागतात.

पुतळ्याच्या पायथ्यापासून डोक्यापर्यंत क्लॉकची लांब तार ओढू नका. बोर्डच डोक्यात बसवा, खाली फक्त वीज न्या. तार लांबवणे टळत नसेल तर तिला ग्राउंडच्या तारेसोबत पीळ द्या, बफरच्या आउटपुटच्या तोंडाशी १०० ओहमचा रेझिस्टर घाला आणि एसपीआयचा (चिपला डेटा पाठवणाऱ्या जोडणीचा) वेग १ मेगाहर्ट्झवर आणा. प्रत्येक चिपजवळ १० आणि ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर हवेतच.

दोन्ही डोळे भगभगून अडकले, तर गोंगाटाने रजिस्टर १५मध्ये १ घुसला असे समजा. दर दोन सेकंदांनी पाचही रजिस्टरे पुन्हा लिहा. दिवे लुकलुकत नाहीत, पण हा उतारा आहे, इलाज नव्हे. विजेचाही हिशेब करा: सगळे दिवे पूर्ण उजेडात असताना एक चिप ३३० मिलिअँपपर्यंत ओढते, दोन डोळे म्हणजे ६६०. लॅपटॉपच्या यूएसबी २.० पोर्टचे ५०० तिथेच कमी पडतात. २ अँपचा अडॅप्टर घ्या.

गेल्या दिवाळीचे मॉड्यूल पावसाळाभर माळ्यावर असेल तर हेडर पिना आधी पाहा. खाऱ्या दमट हवेत तांब्याच्या भांड्यासारखा हिरवा कळंक चढतो. जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासा, आणि जंपर वायरी सोडून तारा सरळ सोल्डर करा. नरकासुर नाचवताना जंपर हमखास निसटतो.