मालातील दोष इंग्रजीत कळवताना या चुका टाळा

कोकणातील काजू, कोकम आणि आंब्याच्या कारखानदारांची इंग्रजी पत्रे तपासताना एक चूक इतक्या वेळा समोर येते, की मी आता आधी तीच शोधतो. मालात नको ते काही आढळले, की सरसकट ‘अडल्टरेटेड’ लिहिले जाते. व्यापारी पत्रात हा शब्द वाचणारा फायद्यासाठी जाणूनबुजून केलेली भेसळ असाच अर्थ घेतो. नकळत लागलेल्या घाणीला ‘कंटॅमिनेशन’ म्हणतात.

वेंगुर्ल्याकडच्या एका कारखान्यात काजू फोडताना टरफलाचे तेल काही गरांना लागले. मालकांनी प्रामाणिकपणे खरेदीदाराला कळवले, पण मोबाइलने केलेले भाषांतर जसेच्या तसे उतरवून, ‘काही डबे अडल्टरेटेड आहेत’ असे. खरेदीदाराने पैसे रोखले आणि भेसळ कोणी केली, कशाची केली, हे विचारले. ‘कंटॅमिनेटेड विथ शेल लिक्विड’ एवढे लिहिले असते, तर डबे बदलून देण्यावर भागले असते. त्याऐवजी खुलासे लिहिण्यात काजूचा हंगाम सरला.

म्हणून मी आधी मराठीत एक पूर्ण वाक्य लिहायला लावतो: काय आले, कोठून आले आणि कोणाच्या हातून आले. त्या वाक्यात ‘मुद्दाम’ बसत नसेल, तर ‘अडल्टरेटेड’ खोडायचे. एवढाही वेळ ज्यांना जड वाटतो, त्यांनी पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यावे.

किडीचा तुकडा सापडला, तर ‘कंटॅमिनंट’ हा शब्द बोलण्यात खपतो, कागदावर नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 मधील व्याख्येने किडींचे तुकडे आणि उंदरांचे केस त्यातून स्पष्टपणे वगळले आहेत; तेथे ‘एक्स्ट्रेनियस मॅटर’ लिहावे.

आंब्यात जिवंत अळी निघाली, तर ते ‘इन्फेस्टेशन’. युरोपीय संघाने 2014 मध्ये भारतीय आंब्यांची आयात थांबवली ती फळमाशीमुळे, आणि तरीही त्या बंदीचा उल्लेख करताना लोक ‘केमिकल कंटॅमिनेशन’ लिहितात, याचे मला नवल वाटते. साका मात्र फळाच्या आतला बिघाड आहे, बाहेरून आलेले काही नाही. त्याला ‘स्पंजी टिश्यू’ म्हणावे.

‘अनप्युअर’ लिहू नये, ‘इम्प्युअर’ लिहावे. घाण बर्फात ठेवलेली मासळी ‘इन्फेक्टेड’ नव्हे, ‘कंटॅमिनेटेड’. ‘पोल्युटेड’ हा शब्द खाडी, नदी आणि हवेसाठी राखावा. समुद्रकाठच्या विहिरीत नुसते खारे पाणी शिरले असेल, तर ‘सलाइन’ पुरेसे आहे.