नाकाचा पडदा सरळ करून घेताना

दोन नाकपुड्यांमधला वाकडा पडदा सरळ करायच्या ऑपरेशनआधी “दुखेल का?” हे मी डॉक्टरांना चार वेळा विचारलं. विचारायला हवं होतं, पहिल्या रात्री झोपायचं कसं? कारण मला दुखलं थोडंच, छळलं ते गच्च बंद नाकाने.

म्हणून आठवडाभर आधीपासून झोपताना दहा मिनिटं चिमटीत नाक धरून तोंडाने श्वास घ्या. घोटभर पाणीही तसंच पिऊन बघा, कानांत दडे बसतात. माझी ताई हे बघून हसून लोळली होती. पण भूल उतरून जाग आली तेव्हा नाक बंद असूनही मी घाबरले नाही, ते या सरावामुळेच.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना सांगा, काढे आणि तेलाच्या कॅप्सूलसुद्धा. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनने रक्तस्राव वाढू शकतो. पण मनाने काहीही बंद करू नका. सिगारेट मात्र खुशाल सोडा, जखम लवकर भरते. पूर्ण भूल असेल तर साधारण 6 तास आधी खाणं बंद. पाणी कधीपर्यंत चालेल ते विचारून ठेवा. आणि पुढून बटणं असलेला शर्ट घाला. डोक्यातून कपडा काढताना नाकाला धक्का बसला की काय होतं, ते मला विचारा.

टाके नाकाच्या आतच असतात, चेहऱ्यावर खूण राहत नाही. काहींच्या नाकात पॅकिंग, म्हणजे पट्टीचा बोळा, भरतात, काहींना आठवडाभर सिलिकॉनच्या पट्ट्या ठेवतात, काहींना दोन्ही नाही. माझं पॅकिंग दुसऱ्या दिवशी निघालं. ओढताना ते संपतच नाही असं वाटतं. तोंडाने हळू श्वास सोडत राहा.

घरी दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवा. उशाशी पाण्याची बाटली हवीच, रात्रभर घशाला कोरड पडते. ओठांना व्हॅसलिन. डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, कुंथायचंही नाही. शिंक आली तर दाबू नका, तोंड उघडून येऊ द्या. सांगतील तेव्हापासून मिठाच्या पाण्याने नाक धुवा. पाणी उकळून गार केलेलंच घ्या. खपल्या बोटाने काढू नका. (मी काढली. पुन्हा रक्त.) वरचे पुढचे दात बधिर वाटले तर सहसा काही आठवड्यांत जातं.

रक्त थांबतच नसेल, ताप चढला, नाक आणखी सुजून ठणकायला लागलं, नाकातून पाण्यासारखा स्वच्छ स्राव गळत राहिला किंवा दिसायला अंधुक झालं, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.

तिसऱ्या आठवड्यात नाक पुन्हा चोंदलं आणि मी रडकुंडीला आले, ऑपरेशन फुकट गेलं म्हणून. आतली सूज उतरायला काही महिने लागतात, हे मला सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं. पाचव्या आठवड्यात एका सकाळी उठले, तर उशाशी पाण्याची बाटली तशीच भरलेली होती.