इंग्रजी भाषेचा इतिहास: सनावळी नंतर, शब्द आधी

एम.ए.ला किंवा सेट-नेटच्या तयारीत हा पेपर आला की बहुतेक जण सनावळ्या घोकायला बसतात: 449 (जर्मानिक टोळ्या ब्रिटनला आल्या), 793 (व्हायकिंगांचा हल्ला), 1066 (नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं), 1476 (इंग्लंडात छपाई). सनावळ्या पाठ होतात, पण कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मध्ये मुका ‘बी’ कुठून आला असं विचारलं की गाडी अडते. (सोळाव्या शतकाच्या आसपास लॅटिनच्या प्रेमापोटी तो घुसडला, फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा नव्हता.)

सुरुवात अशी करा. एखाद्या इंग्रजी अग्रलेखातले शंभरेक शब्द घ्या आणि व्युत्पत्तीकोशात बघून प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहा: शब्द कोणत्या भाषेतून आला आणि इंग्रजीत पहिल्यांदा केव्हा नोंदला गेला. दुसरा रकाना बरेच जण गाळतात आणि तिथेच घोळ होतो. ‘स्ट्रीट’ आणि ‘फ्रॅजाइल’ दोन्ही लॅटिनच; पण पहिला जर्मानिक टोळ्यांनी (ज्यांच्या बोलींतून इंग्रजी घडली) ब्रिटनला येण्याआधीच रोमनांकडून उचलला होता, दुसरा शेकडो वर्षांनी विद्वानांनी ग्रंथांतून आणला. त्याच ‘फ्रॅजाइल’चा सख्खा भाऊ ‘फ्रेल’ मध्यंतरी फ्रेंचमधून येऊन गेला होता. नुसतं ‘लॅटिन’ लिहिलंत तर हे काहीच दिसणार नाही.

व्हायकिंगांचे, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या चढाईखोरांचे, शब्द ओळखायची एक खूण आहे. जुन्या इंग्रजीत ‘स्क’चा ‘श’ झाला, त्यांच्या नॉर्स भाषेत झाला नाही. म्हणून ‘शर्ट’ घरचा आणि ‘स्कर्ट’ नॉर्स. ‘स्काय’, ‘स्किन’, ‘स्किल’ही तिकडचेच. मात्र खूण डोळे मिटून लावू नका, ‘स्कूल’ लॅटिनमधून आलाय. शब्दांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ‘दे’, ‘देम’, ‘देअर’ ही सर्वनामंसुद्धा नॉर्स आहेत. भाषा सर्वनामं सहसा उसनी घेत नाहीत. दोन्ही समाज किती मिसळले होते याचा हा पुरावा, उत्तरात जरूर लिहा.

नॉर्मनांच्या, म्हणजे फ्रान्समधल्या नॉर्मंडीहून आलेल्या फ्रेंचभाषी राज्यकर्त्यांच्या, बाबतीत दोन चुका नेहमीच्या. एक, 1066 नंतर लगेच फ्रेंच शब्दांचा पूर आला असं लिहिणं. खरा भर 1250 ते 1400 या काळातला, म्हणजे 1204 मध्ये नॉर्मंडी इंग्लंडच्या राजाच्या हातची गेल्यावर सरदार-दरकदार इंग्रजीकडे वळू लागले तेव्हाचा. (1362 च्या कायद्याने न्यायालयातले वाद इंग्रजीत चालवायचे ठरले. तो कायदा मात्र फ्रेंचमध्ये लिहिलेला!) दुसरी चूक, शब्दांचे विभक्ती-प्रत्यय नॉर्मनांमुळे गळले असं म्हणणं. ती झीज आधीच सुरू झाली होती. शिवाय फ्रेंचचेही दोन थर आहेत: नॉर्मन बोलीत ‘क’, पॅरिसकडे ‘च’. ‘कॅच’ आणि ‘चेस’, ‘कॅटल’ आणि ‘चॅटल’ या जोड्या त्यातूनच आल्या.

आता छपाई. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. तेव्हा दीर्घ स्वरांचं मोठं स्थित्यंतर चालू होतं, ते साधारण 1400 ते 1700 पर्यंत चाललं. स्पेलिंग शिशाच्या खिळ्यांत हळूहळू गोठत गेलं आणि उच्चार पुढे सरकले. ‘नाम’सारखा उच्चार ‘नेम’ झाला, ‘तीम’चा ‘टाइम’, ‘हूस’चा ‘हाउस’. अक्षरं जुनीच राहिली. ‘नाइट’ म्हणजे सरदार, त्यातला ‘के’ आणि ‘जी-एच’ही पूर्वी उच्चारले जात. ‘घोस्ट’मधला ‘एच’ मात्र ध्वनीचा नाही, तो फ्लेमिश (आजच्या बेल्जियमकडच्या डच बोलीच्या) वळणाच्या छपाईतून आलेला.

या भागासाठी वहीत तीन रकाने आखा: स्पेलिंग, चॉसरकालीन (चौदाव्या शतकातला कवी चॉसर याच्या काळातला) उच्चार, आजचा उच्चार. देवनागरीत लिहिलं तरी कामचलाऊ भागतं, पण परीक्षेत आयपीएचीच (उच्चार दाखवायच्या आंतरराष्ट्रीय लिपीची) चिन्हं द्या. ‘ए’चे दोन दीर्घ प्रकार देवनागरीत वेगळे दाखवता येत नाहीत आणि नेमका त्यावरच प्रश्न येऊ शकतो. ‘मीट’ (मांस), ‘सी’ (समुद्र) यांतला ‘ई-ए’ पुढे ‘ई’ झाला. ‘ग्रेट’, ‘ब्रेक’, ‘स्टेक’ मागेच राहिले. अपवाद विचारले तर आधी हे तीन लिहा.