आई-बाबांसोबत रेगेन्सबुर्ग: आदल्या रात्रीची तयारी

आई-बाबा पुण्याहून जर्मनीत, म्युनिकला आमच्याकडे आले की एक दिवस डॅन्यूब नदीकाठच्या रेगेन्सबुर्ग या जुन्या शहराचा ठरलेलाच. रेल्वेने दीड तास, आणि स्टेशनापासून जुनं गाव चालत गाठता येतं. पण सोबत सत्तरीचे गुडघे, आठ वर्षांची लेक आणि बाबागाडीतला धाकटा असेल, तर तो दिवस आदल्या रात्रीच घडतो किंवा बिघडतो.

आधी वार ठरवा. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात. बायर्न तिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्यातलं एका दिवसाचं रेल्वे तिकीट, सोम ते शुक्र सकाळी नऊनंतरच चालतं, शनिवार-रविवारी ही अट नाही. मी रविवार निवडते, कारण शाळेच्या सुट्ट्या सोडल्या तर सकाळी दहाच्या प्रार्थनेला कॅथेड्रलमध्ये डोमश्पात्सन ही गायकमंडळी गातात. तिची परंपरा थेट ९७५ सालापर्यंत जाते. आईला भाषा कळली नाही, तरी तो स्वर ऐकून ती पदर डोळ्यांना लावते. दहाला पोचायचं तर घरातून सातलाच निघावं लागतं. रविवारी दुकानं बंद, म्हणून केळी, दूध आणि डायपर शनिवारी संध्याकाळीच आणून ठेवा.

एका तिकिटावर पाच जण जातात. आम्ही चार मोठे आणि लेक त्यात बसतो, सहा वर्षांखालचा धाकटा मोजत नाहीत. तिकिटावर सगळ्यांची नावं हवीत. ते फक्त लोकल आणि रिजनल गाड्यांना चालतं, आयसीई या वेगवान गाडीत चढू नका. आई-बाबांचे मूळ पासपोर्ट, प्रवासविम्याचा कागद आणि दिवसभराची औषधं एकाच पाकिटात घालून ते स्वतःच्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. दुपारची गोळी घरी राहिली की कुठल्याही बुरुजात मन लागत नाही.

नाणी विसरू नका. स्वच्छतागृहाला पन्नास सेंट ते एक युरो लागतो. मागच्या वेळी माझ्याकडे वीसची नोट होती आणि बाबांना घाई. तेव्हापासून जुन्या कुंकवाच्या डबीत दहा-बारा नाणी भरून ठेवलेली असतात.

खाण्याचं मात्र मनापासून करा. दशम्या दुधात भिजवलेल्या, म्हणजे दिवसभर मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, बटाट्याची सुकी भाजी आणि थर्मासमध्ये चहा. ठेचा घट्ट झाकणाच्या डबीत न्या, रेल्वेच्या डब्यात शेजारी माणसं बसलेली असतात. उपाहारगृहात बसून घरचं खाता येत नाही, तेव्हा नदीवरच्या दगडी पुलाखालच्या यानइन्झेल बेटावरच्या हिरवळीवर चादर पसरा. बाहेर काही घेतलंच, तर ‘ओहनं फ्लाइश, ओहनं श्पेक’ (मांस नको, डुकराचं मांस नको) हे सांगायचंच, कारण बटाट्याच्या सॅलडमध्येही डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात.

बूट जुने, पायाला बसलेले हवेत. गल्ल्यांत दगडी फरशी आहे, बाबागाडी खडखडते आणि धाकटा उठतो, म्हणून अंगाशी बांधायची झोळी जवळ ठेवा. डॅन्यूबवर वारा बोचतो. बाबांची माकडटोपी मे महिन्यातही पिशवीत असू द्या.

बघायचं थोडंच ठरवा. पहिलं, दगडी पूल, ११३५ ते ११४६ मध्ये बांधलेला. मोटारी आता जात नाहीत, पण सायकली येतात, मुलीचा हात धरा. मध्यावर कपाळावर हात धरून कॅथेड्रलकडे बघणारा दगडी माणूस, ब्रुकमांडल, बसलाय. त्याची गोष्ट मुलीला आदल्या रात्रीच सांगा. पूल बांधणारा आणि कॅथेड्रल बांधणारा यांची पैज लागते, पूलवाला सैतानाची मदत घेतो, बदल्यात पुलावरून जाणारे पहिले तीन जीव कबूल करतो आणि कोंबडा, कोंबडी व कुत्रा पाठवून सुटतो. खरं तर कॅथेड्रलचं काम सुरू झालं तेव्हा पूल शंभर वर्षांहून जुना होता, पण लेक त्या माणसाला नावाने हाक मारत पळते.

दुसरं, इ. स. १७९ च्या रोमन छावणीचं उत्तरेकडचं दार, पोर्टा प्रेटोरिया. ते नंतरच्या इमारतीच्या भिंतीत अडकून राहिलंय. रस्त्यावरून जाता-जाता त्या मोठमोठ्या दगडांवर तळहात ठेवता येतो. बाबा तिथे बराच वेळ गप्प उभे होते. तिसरं, खगोलशास्त्रज्ञ केप्लर १६३० मध्ये जिथे वारला ते घर. ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात, हे मुलीला गाडीतच कागदावर काढून दाखवा. नॉइफारप्लाट्झ या चौकात बसायला थांबाल, तर तिथल्या पांढऱ्या दगडी शिल्पाबद्दलही सांगा. १५१९ मध्ये इथून ज्यूंना हाकलून त्यांचं सिनेगॉग हे प्रार्थनास्थळ पाडलं, त्याचाच तो आराखडा आहे. मुलं त्यावर खेळतात, खेळू द्या, पण काय आहे ते त्यांना माहीत असावं.

वालहाला हे जवळचं स्मारक पुढच्या वेळी. तिथे साडेतीनशेवर पायऱ्या आहेत, आईला नको.

परतीची गाडी पाचच्या सुमाराची धरा आणि तिच्यापुढच्या गाडीची वेळही लिहून ठेवा. दोन दशम्या मात्र त्या गाडीसाठी बाजूला काढा, वाटेतल्या लांडशुटच्या आसपास सगळ्यांनाच भूक लागते.