एलडीएफ फाइल फुगली? आधी कारण बघा, मग छोटी करा

मी पतसंस्थांचे आणि दूध संघांचे एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर) सांभाळते. महिनाअखेरीला हमखास येणारा फोन म्हणजे "मॅडम, डी ड्राइव्ह भरलाय, एंट्री होत नाही, एरर 9002 दाखवतोय." 9002 म्हणजे लॉग भरलाय. बघावं तर खरा डेटा ठेवणारी एमडीएफ फाइल 12 जीबीची आणि शेजारी प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे लॉग, ठेवणारी एलडीएफ 140 जीबीची.

ती एलडीएफ डिलीट करू नका, सर्व्हिस बंद करूनही नको. अर्धवट राहिलेला व्यवहार पुरा करायचा की मागे फिरवायचा, हे सर्व्हर त्याच फाइलवरून ठरवतो. ती गेली तर डेटाबेस पुन्हा उघडेल याची खात्री नाही, आणि आत लोकांच्या ठेवी आहेत.

लॉग रिकामा का होत नाही, हे सर्व्हर स्वतःच सांगतो. 'सिस डॉट डेटाबेसेस' या व्ह्यूमध्ये 'लॉग रियूज वेट डेस्क' नावाचा कॉलम आहे, तो वाचा.

तिथे 'लॉग बॅकअप' दिसलं, तर डेटाबेस फुल रिकव्हरीत (लॉग बॅकअप होईपर्यंत नोंदी राखून ठेवणाऱ्या पद्धतीत) आहे आणि लॉगचा बॅकअप कोणी घेतच नाही. "रोज रात्री फुल बॅकअप होतो की!" असं मला नेहमी ऐकवतात. फुल बॅकअपने लॉग मोकळा होत नाही, लॉग बॅकअपच लागतो. मी दर 15 मिनिटांचा जॉब लावते. सकाळच्या संकलनाच्या वेळी सर्व्हर पडला, तर किती मिनिटांच्या एंट्र्या पुन्हा मारायची तयारी आहे, हे संस्थेला विचारून अंतर ठरवा. टेस्टिंगच्या डेटाबेसला सिंपल रिकव्हरी (लॉग बॅकअपशिवाय लॉग आपोआप मोकळा होणारी पद्धत) चालेल. ठेवीदारांच्या खात्यांना मी ती लावू देत नाही.

'ॲक्टिव्ह ट्रान्झॅक्शन' दिसलं, तर त्याच डेटाबेसमध्ये 'डीबीसीसी ओपनट्रॅन' चालवा. सर्वांत जुना उघडा व्यवहार कोणत्या सेशनचा आणि किती वाजल्यापासूनचा, ते कळतं. बहुतेक वेळा कोणीतरी 'बिगिन ट्रॅन' लिहून अपडेट चालवलेला असतो आणि कमिट (व्यवहार पक्का) न करता माणूस जेवायला गेलेला असतो. त्या माणसाला आधी फोन करा. 'किल' करून सेशन तोडलं, तरी रोलबॅकला, म्हणजे बदल मागे फिरवायला, वेळ लागतोच. दुसरं कारण म्हणजे ॲप्लिकेशनचा टाइमआउट: क्वेरी तुटते, व्यवहार मात्र उघडाच राहतो. प्रोसीजरच्या सुरुवातीला 'सेट एक्सॅक्ट अबॉर्ट ऑन' (SET XACT_ABORT ON) घाला, म्हणजे क्वेरी तुटली की व्यवहारही मागे फिरतो. उघडा व्यवहार सिंपल रिकव्हरीतही लॉग अडवून धरतो, हे विसरू नका.

जुन्या एसएमएसच्या नोंदी काढायच्या असतील तर एका दमात लाखो ओळी उडवू नका. 'डिलीट टॉप 4000' लूपमध्ये चालवा, प्रत्येक फेरी वेगळी कमिट करा, मधल्या वेळात लॉग बॅकअप चालू राहू द्या. एका स्टेटमेंटने साधारण 5000 लॉक घेतले की सर्व्हर अख्खं टेबल लॉक करू बघतो, आणि काउंटरवर रांग थांबते.

हे सगळं झाल्यावरच फाइल छोटी करणारी 'डीबीसीसी श्रिंकफाइल' ही कमांड, तीही एकदाच. रोज रात्री श्रिंक करणारा जॉब दिसला तर काढून टाका. सकाळी तीच फाइल पुन्हा वाढते आणि वाढताना नव्या जागेत शून्यं लिहीपर्यंत व्यवहार ताटकळतात. (2022 च्या आवृत्तीत 64 एमबीपर्यंतच्या आपोआप वाढीला यातून सूट मिळू शकते.) महिनाअखेरीचं व्याज निघताना लागेल एवढा आकार ठेवा आणि ऑटोग्रोथ (फाइल एका वेळी आपोआप किती वाढावी ते माप) टक्क्यांऐवजी एमबीत द्या.

श्रिंक करूनही आकार उतरला नाही, तर लॉगचा चालू भाग फाइलच्या शेवटाला बसलाय असं समजा. आणखी एक लॉग बॅकअप घ्या, थोडं काम होऊ द्या आणि पुन्हा चालवा.