उन्हाळ्यात किनाऱ्यावर पक्षी बघायला निघण्यापूर्वी

आंबा उतरायला लागला की आमच्या देवगड भागात पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. त्यातले पक्षी बघणारे हमखास विचारतात, "आता काय दिसणार? सीझन संपला ना?" कुरव, म्हणजे सीगल, परत गेलेले असतात, बदकं नसतात, हे खरं. पण एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावर जे चालतं ते थंडीत बघायला मिळत नाही, आणि नेमके याच दिवसांत नोंदी करणारे घरी बसतात. थंडीतल्या एखाद्या रविवारी एकाच खाडीच्या चार-चार याद्या होतात आणि त्याच खाडीचा मे महिन्याचा रकाना रिकामा राहतो. तो भरायला हवा असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी निघण्याआधी मी काय काय करते ते सांगते.

सुरुवात भिंतीवरच्या कॅलेंडरपासून. भरतीची वेळ काढायला आमच्याकडच्या जुन्या माणसांना मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ हातात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पाणी भरलेलं आणि दुपारी बाराला पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. अर्धा तास इकडेतिकडे होतो, आणि उत्तरेला रायगडाकडे जावं तसं पाणी जरा उशिरा भरतं. भरतीचं छापील वेळापत्रक मिळालं तर ताडून बघा, पण पाऊणपटीचा हिशेब डोक्यात असला की महिन्याभराची आखणी चहा पिता पिता होते.

ही आखणी एवढी महत्त्वाची का, ते एकदा चुकीच्या वेळी गेल्यावरच कळतं. पूर्ण सुकतीला खाडीतला चिखल अर्धा-अर्धा किलोमीटर उघडा पडतो आणि पक्षी त्याच्या पार टोकाला ठिपक्यांसारखे पसरतात. पाणी चढायला लागलं की तेच पक्षी पावलापावलाने आपल्याकडे ढकलले जातात आणि शेवटी एखाद्या कोरड्या उंचवट्यावर सगळे एकत्र येऊन बसतात. म्हणून पूर्ण भरतीच्या दोन तास आधी जागेवर बसलेलं असावं. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी ऊन आपल्या पाठीवर आणि पक्ष्यांच्या अंगावर पडतं. संध्याकाळी तेच ऊन डोळ्यांत येतं आणि समोरचं सगळं काळं दिसतं. त्यात उन्हाळ्यात साडेनऊनंतर वाळूवरची हवा थरथरायला लागते, मग कितीही महाग दुर्बीण असली तरी पायाचा रंग कळत नाही. पुढे दुपारचा खारा वारा सुटतो. हे सगळं एकत्र धरलं तर दोन्ही पक्षांतले दशमी ते त्रयोदशी हे दिवस उत्तम. मी लग्नाची आमंत्रणंसुद्धा ते दिवस बघून स्वीकारते.

उधाणाच्या दिवशी मात्र खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, आत शिरू नका. पाणी समोरून येतंय असं वाटतं आणि मागची खाच केव्हाच भरलेली असते. आचऱ्याच्या खाडीत एकदा मी कमरेएवढ्या पाण्यातून पिशवी डोक्यावर धरून बाहेर आले. त्यानंतर परतीची वाट आधी चालून बघितल्याशिवाय मी बसत नाही.

दुसरी तयारी घरी बसून करायची: या महिन्यात कोण काय करत असेल, याचा थोडा अभ्यास. वाळू चिखल्याचंच बघा. चिमणीहून जरा मोठा, हिवाळाभर मातकट आणि पांढरा, बघून विसरावा असा. मार्च सरता सरता त्याच्या छातीवर एक फिकट डाग उमटतो. एप्रिलमध्ये तो डाग विटकरी पट्टा होतो, डोळ्यावरून काळी पट्टी ओढली जाते, आणि वाळूवर धावणारा तोच पक्षी ओळखू येईनासा होतो. एकाच थव्यात पुरते रंगलेले, अर्धे रंगलेले आणि अजून मातकट असलेले शेजारी शेजारी दिसतात. २०२३ साली या चिखल्याचे, म्हणजे इंग्रजीतल्या 'लेसर सँड प्लवर'चे, दोन वेगळे पक्षी मानले गेले. आपल्या किनाऱ्यावरचे ते तिबेटी, म्हणजे विणीला हिमालयापलीकडच्या पठारावर जाणारे. कर्ल्यू सँडपायपर याच दिवसांत पोटापर्यंत तांबूस होतो आणि थेट सायबेरियाच्या उत्तर टोकाला निघतो. त्यामुळे नुसतं 'चिखले ४०' असं लिहू नका. रंगलेले किती, मातकट किती, तेही लिहा.

मेच्या अखेरीस जे मातकट उरतात ते बहुधा गेल्या वर्षी जन्मलेले, अजून विणीला न आलेले पक्षी असतात. ते पावसाळाही इथेच काढतात. असे चार चिखले किंवा बाकदार चोचीचा एक व्हिम्ब्रेल मे महिन्यात दिसला तर ती नोंद डिसेंबरातल्या चारशेच्या थव्याइतकीच मोलाची आहे. कुरवांचं उलट: ते शेवटचे कधी दिसले, ती तारीख धरून ठेवायची. मार्च अखेरपासून दर फेरीला मासळी उतरते त्या धक्क्यावर एक नजर टाका, आणि नसतील तर 'नाहीत' हेही वहीत येऊ द्या.

किनाऱ्यावरून वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जाणार असाल तर तयारी पायांची आणि डोळ्यांची. काळा-तांबडा जांभा, वाळलेलं गवत, सावली कुठेही नाही, आणि याच उघड्या कातळावर टिटव्या, रातवे, चंडोल अंडी घालतात. टिटवीचं घरटं म्हणजे चार खडे सारून केलेला खळगा. त्यात चार अंडी, टोकं आत वळवलेली, मातकट आणि त्यावर काळे डाग. हातभर अंतरावरून बघितलं तरी नजर त्यावरून घसरते. दुपारी कातळ तव्यासारखा तापतो तेव्हा टिटवी अंडी उबवत नसते, त्यांच्यावर सावली धरून उभी असते. मधेच उडून पाणवठ्यावर जाते, पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा लिहायचंच विसरले. तुम्ही उभे आहात म्हणून ती पाच मिनिटं लांब राहिली, तर त्या पाच मिनिटांत अंडी शिजू शकतात. टिटवी डोक्यावर ओरडायला लागली की आल्या वाटेने, पाऊल बघून मागे फिरा. सड्यावर जायचं तर सहाला जा, आठला उतरा. मलबारी चंडोल त्याच वेळात गातो.

घाटाकडच्या राईत किंवा देवराईत जायचं असेल तर मेचा दुसरा पंधरवडा राखून ठेवा. नवरंग येतो तो तेव्हा, आणि पहाटे व तिन्हीसांजेला त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. मागोमाग चातक आणि तिबोटी खंड्या. यांना बोलवायला मोबाइलवर आवाज वाजवू नका. विणीच्या दिवसांत पक्षी तो दुसरा नर समजून खाणं सोडून भांडायला येतो. मोबाइल खिशात ठेवून थांबा, तो आपणहून बोलतो.

आता पिशवी. दुर्बीण ८×४२ पुरे. १० पटीची अधिक जवळ दाखवते, पण खाऱ्या वाऱ्यात हात हलतो आणि चित्रही हलतं. काच कोरड्या रुमालाने कधी पुसू नये. तिच्यावर मिठाचे आणि वाळूचे कण बसलेले असतात, ते घासले की कायमचे ओरखडे. आधी मऊ ब्रशने झाडायची, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने टिपायची. म्हणून ते फडकं आणि पाण्याची छोटी बाटली वेगळी. वहीबरोबर पेन्सिल, कारण घामाने पेनाची शाई पसरते. माणशी दोन लिटर पाणी, आणि त्याखेरीज मीठ घातलेलं कोकम सरबत; किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि चक्कर कधी आली ते कळत नाही. पायात मागे पट्टा असलेले जुने सँडल, कारण कालवांच्या खडकावर अनवाणी पाय चिरतो आणि साधी चप्पल चिखल ओढून घेतो. कपडे मळकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. छत्री जरूर घ्या, पण बसण्याआधी उघडा. थव्यासमोर फटकन उघडलेली छत्री म्हणजे सकाळ संपली.

मोबाइलमधली तयारी आदल्या रात्री घरच्या नेटवर करायची, कारण डोंगर आड आला की रेंज जाते. नोंदींसाठी आम्ही ई-बर्ड हे ॲप वापरतो. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने ते २००२ साली सुरू केलं. आपल्या भागाचा पक्ष्यांचा पॅक आधी उतरवून घेतला की रेंज नसतानाही यादी चालू राहते. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जगभर ग्लोबल बिग डे, म्हणजे पक्षिनोंदींचा दिवस, असतो आणि भारतात त्याच दिवशी एंडेमिक बर्ड डे. या भूमीबाहेर कुठेही नसलेल्या पक्ष्यांसाठीचा तो दिवस, आणि आपला सड्यावरचा मलबारी चंडोल त्यातलाच एक.

यादी जागेवरच लिहा. घरी येऊन आठवून लिहिलेल्या यादीत धोबी आणि कावळा हमखास गळतात आणि गरुड दोनाचे तीन होतात. दिसलेला आणि ऐकलेला प्रत्येक पक्षी लिहायचा, अंदाजे का होईना आकड्यासह. मोठा थवा असेल तर दहा पक्षी मोजून तो ठोकळा नजरेत धरा आणि तसे किती ठोकळे बसतात ते बघा. जागा बदलली की नवी यादी: खाडीची वेगळी, पुळणीची वेगळी, सड्याची वेगळी. नक्की ओळख पटली नाही तर 'कोणतातरी वाळू चिखल्या' एवढंच लिहावं. खोट्या खात्रीपेक्षा ते कितीतरी उपयोगाचं. किहीमला सलीम अलींनी एक अख्खा पावसाळा सुगरणींच्या एकाच वसाहतीपुढे बसून रोजच्या रोज टिपणं ठेवली आणि एक नर अनेक घरटी विणून अनेक माद्या करतो हे मांडलं. सुगरण काही दुर्मीळ नव्हती. तीही आपल्याच किनाऱ्यावरची.

नोंद कळवायची घाई नको, यावर मी जरा जास्त बोलणार आहे. काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये मी समुद्र गरुडाच्या घरट्याचा फोटो वाडीच्या नावासकट मोबाइलवरच्या आमच्या गटात टाकला. आंब्याचं जुनं झाड, शेंड्याला काटक्यांचा माच, खाली समुद्रसापांचे मणके पडलेले, आणि वर एक तपकिरी पिल्लू. दुसऱ्या रविवारी झाडाखाली तीन गाड्या उभ्या होत्या आणि कोणीतरी ड्रोन उडवला. दोन्ही गरुड तासभर घिरट्या घालत राहिले, पिल्लू भर उन्हात उघडं. झाडाच्या मालकांनी मला काहीच म्हटलं नाही, त्याचंच जास्त लागलं. गरुड वर्षानुवर्षं त्याच घरट्यावर काटक्या रचत येतो, म्हणजे एकदा फुटलेला पत्ता कायमचा फुटतो. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या वेंगुर्ला रॉक्स या बेटांवरच्या गुहांमधल्या पाकोळ्यांची घरटी चोरून विकली जात होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने स्थानिकांना बरोबर घेऊन ती राखण्याचं काम केलं. तेव्हा घरटं असलं तर फोटो नको, वाडी नको, फार तर तालुका सांगा, तोही पिल्लू उडून गेल्यावर. मोबाइलचा कॅमेरा फोटोत जागा नोंदवतो, ती सोयही आधी बंद करा.

मेअखेरीस निघणार असाल तर गाडीत पुठ्ठ्याचा एक खोका, भोकं पाडून, आणि जुना टॉवेल ठेवा. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडाच्या किनाऱ्यावर आलं, तौक्ते मे २०२१ मध्ये आपल्या समोरून गेलं. वादळवाऱ्यात खोल समुद्रावरचे सुरय, मास्क्ड बूबी असे पक्षी दमून किनाऱ्यावर येऊन पडतात. त्यांना उचलून परत पाण्यात टाकू नका आणि चोचीत पाणी ओतू नका. खोक्यात अंधारात शांत ठेवा आणि वनविभागाला १९२६ वर कळवा. जागा, वेळ आणि फोटो मात्र जरूर नोंदवा, कारण असे पक्षी एरवी कोणाला दिसत नाहीत.

शेवटचं काम परतताना. सुकतीला कालवं काढायला येणाऱ्या काकी खाडीच्या तोंडाशी भेटतात. त्यांना मी यादी वाचून दाखवते. परवा एकादशीला वाचताना म्हटलं, बाकदार चोचीचे मोठे आज एकही नाहीत, गेले वाटतं. काकींनी हातातली कोयती खडकावर टेकवली. "गेले खंय? काल सुकतीक थंय पाच होते," म्हणाल्या, आणि खाडीपलीकडच्या तिवरांकडे बोट केलं. आजच्या यादीत ते घातले नाहीत. वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: काकींनी सांगितलेलं, काल, सुकती, पलीकडची तिवरं, ५. त्याखाली: उद्या द्वादशी, पाणी नऊला.